साहेबांची तक्रार

सोमवारी सकाळी दहा वाजता गाडी येणार होती. फॉर्मवर सही ताईनेच केली होती, बुधवारी. पहिलं पेन चाललं नाही म्हणून तिने दुसरं मागून घेतलं होतं. पहिलं चाललं नाही तेव्हाच उठून घरी यायला हवं होतं, असं तिला नंतर वाटत राहिलं. पण तेव्हा ती इतकी दमली होती, की दुसरंही चाललं नसतं तर तिने तिसरं मागितलं असतं.

फॉर्म एका निवासी संस्थेचा होता. संस्था गाडीने सहा तासांवर, बारा खाटांची, स्वच्छ, नावं ठेवायला जागा नाही अशी. तिथली एक खाट रिकामी झाली होती आणि ती ताईच्या भावाला मिळाली होती. एरवी दोन-दोन वर्षं नंबर लागत नाही. संस्थेच्या बाई फोनवर म्हणाल्या, तुम्ही नशीबवान आहात, आणि ताईने त्यांचे आभारही मानले.

भाऊ एकोणतीस वर्षांचा. कागदोपत्री नाव काहीही असो, घरात, गल्लीत आणि दुकानात त्यांना सगळे साहेब म्हणत. हे नाव आईने ठेवलेलं. चार वर्षांचे असताना पाणी ठरलेल्या निळ्या कपात नसलं तर साहेब कपाला हात न लावता तो परत पाठवायचे. चादरीला सुरकुती दिसली तर खाटेपाशी ताटकळत उभे राहायचे, पण झोपायचे नाहीत. ‘हा मुलगा कसला, हे तर साहेब आहेत,’ असं आई म्हणाली आणि तेव्हापासून सगळं घर त्यांना अहोजाहो करायला लागलं. साहेबांना बोलता येत नव्हतं. डॉक्टर आधी म्हणाले, थांबा, बोलेल. मग म्हणाले, स्वमग्नता. आईला तो शब्द मरेपर्यंत पटला नाही. घरातला चमचा इकडचा तिकडे झाला तर सगळ्यांत आधी ज्याला कळतं तो स्वमग्न कसा, असा तिचा सवाल होता. त्याचं उत्तर तिला कोणी दिलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली.

आता घरात तिघंच होती: बाबा, ताई आणि साहेब. वरच्या मजल्यावर राहायचं, खालच्या मजल्यावर दुकान. दुकान म्हणजे कवळ्यांचं. बाबांनी पन्नास वर्षं कवळ्या केल्या. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्यांनी ताईच्या हातात सगळं सोपवलं आणि स्वतः खुर्चीत बसून सल्ले द्यायला सुरुवात केली. दंतवैद्यांकडून रोग्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे, सोबत रोग्याने चावलेली मेणाची पट्टी यायची. ती पट्टी म्हणजे चाव्याचं माप. वरचा जबडा खालच्यावर कसा बसतो, हे तिच्यावर उमटलेलं असतं. त्या मापाने ताई साच्यावर दात बसवायची. कारखान्यातून आलेले तयार दात रंगाप्रमाणे, आकाराप्रमाणे बावीस ट्रेमध्ये लावायचं काम साहेबांचं. जे दोन दात ताईला भिंगातून सारखे दिसायचे, त्यांच्यातला फरक साहेबांना दारातूनच दिसायचा. काम चालू असताना ते एका सुरात गुणगुणत असत. गाणं नव्हे, नुसता सूर.

तीन महिन्यांपूर्वी साहेब स्वतःचा हात चावायला लागले.

आधी दिवसातून एकदा, मग पाच-सहा वेळा. करंगळीखालची हाताची कड तोंडात धरायची आणि करकचून चावायचं. मग डोकं भिंतीवर आपटायला लागले. दुपारी ज्या केंद्रावर ते जायचे, तिथल्या मुख्य बाईंनी दोन आठवडे कळ काढली आणि तिसऱ्या आठवड्यात, इतर मुलं घाबरतात हो, असं सांगून हात जोडले. त्यांचीही चूक नव्हती. मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. त्याने साहेब दिवसा झोपायला लागले, आणि जागे झाले की चावायला लागले.

असं का होतंय याचा शोध घरात जोरात चालला होता. बाबांचं निदान पक्कं होतं: नवीन मशीन. तीन महिन्यांपूर्वीच दुकानात कवळ्यांना चकाकी देणारं नवीन यंत्र आणलं होतं. साहेबांना बदल खपत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मग काय, नवीन यंत्र परत गेलं आणि जुनं, खोकणारं यंत्र माळ्यावरून खाली आलं. उपयोग शून्य. मग बाबांना आठवलं, त्याच सुमारास पडदाही बदलला होता. पडदा परत लागला. मग दिवा. मग पायपुसणं. शेवटी बाबांनी स्वतःचा जुना चष्मा शोधून काढला, ज्यातून त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि तो लावून ते आठ दिवस भिंतींना धडकत फिरले. सगळं घर तीन महिने मागे नेऊन ठेवलं, फक्त साहेब काही मागे जाईनात.

त्यांनी टोस्टच्या कडा खायचं सोडलं होतं. सफरचंद तर बघायलाही तयार नव्हते. ताईने तेही नखऱ्यांच्या खात्यात जमा केलं, कारण आधीच इतके नखरे होते की त्यात दोन वाढले तर कोण मोजणार.

शुक्रवारी दुपारी साहेबांनी ताईला चावलं. ते भिंतीवर डोकं आपटत होते, ती मध्ये गेली, तिने डोकं आणि भिंत यांच्यामध्ये हात धरला आणि पुढच्या क्षणी तिच्या हाताची कड त्यांच्या तोंडात होती. आजवर त्यांनी दुसऱ्या कोणाला इजा केली नव्हती. बाबा खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. साहेबांनी हात सोडला, तिच्याकडे न बघता ट्रेच्या मेजाखाली जाऊन बसले आणि स्वतःचे दोन्ही कान दाबून घेतले. ताईने हात नळाखाली धरला. बरं झालं सही केली, असा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली की नळ बंद करायचंही सुचेना.

शनिवारी सकाळी ती कामाला बसली ती निव्वळ सवयीने. मेजावरचा दिवा लावला. एका म्हातारबाबांचा साचा पुढे होता आणि त्यांची मेणाची पट्टी. पट्टी दिव्याखाली धरली तेव्हा तिचा स्वतःचा हातही दिव्याखाली आला. सूज थोडी उतरली होती आणि दातांच्या खुणा जांभळ्या होऊन स्पष्ट उमटल्या होत्या.

पट्टीवर काय बघायचं ते तिच्या डोळ्यांना वीस वर्षांची सवय होती. ती सवय हाताकडे वळायला फार तर दोन सेकंद लागले. पुढचे दात उमटले होते. डावा सुळा, त्याच्यामागच्या दोन दाढा, त्यांच्यामागची मोठी दाढ, सगळे खोलवर. उजवीकडे सुळा होता, तोही जेमतेम. त्याच्यामागे काहीच नव्हतं. नितळ कातडी.

हात तर आडवा, पार आतपर्यंत गेला होता. दोन्ही बाजू सारख्या उमटायला हव्यात. अशी पट्टी एखाद्या दवाखान्यातून आली असती तर ती तिने परत पाठवली असती, वर चिठ्ठी लावून: रोगी उजव्या बाजूने चावत नाही, तोंड तपासावं.

ती उठून मेजापाशी गेली. साहेब स्टुलावर बसून नुसतेच ट्रेकडे बघत होते, गोळ्यांच्या गुंगीत. तिने त्यांच्या मनगटाला हात न लावता, वाकून, त्यांच्या हाताच्या कडेवरचे घट्टे बघितले. तीन महिन्यांचे घट्टे. सगळे डाव्या दातांचे.

तिने मेणाची एक पट्टी गरम पाण्यात धरली, मऊ केली आणि साहेबांसमोर बसून आधी स्वतः चावली. दुसरी मऊ केली आणि मेजावर ठेवली, त्यांच्या आणि आपल्या मध्ये. आग्रह केला नाही. साहेबांनी आयुष्यात अशा हजारो पट्ट्या पाहिल्या होत्या. पट्टी कशासाठी असते हे त्यांना सांगायची गरज नव्हती. दोनेक मिनिटांनी त्यांनी ती उचलली, तोंडात धरली आणि चावली. चावता चावता त्यांचं सगळं अंग दचकलं, पट्टी पडली आणि हात तोंडाकडे गेला. या वेळी मात्र ताई बघत होती. हात चावण्याआधी एक क्षण, अगदी एकच क्षण, त्यांची बोटं उजव्या गालावर टेकून गेली.

पट्टीवर डावीकडे पूर्ण चावा होता. उजवीकडे गुळगुळीत गुलाबी मेण.

ताईने ती बाबांच्या हातात नेऊन दिली. बाबांनी सवयीने ती उजेडात धरली आणि विचारलं, कोणत्या दवाखान्याची?

“आपल्या साहेबांची,” ताई म्हणाली. “बाबा, त्यांची दाढ दुखतेय.”

बाबांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. साहेबांच्या दातांचा त्यांना कोण अभिमान. सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून दोन मिनिटं घासलेले, पांढरेशुभ्र; आल्यागेल्याला ते सांगायचे, असे दात हजारात एक. जगभराचे दात ज्या घरात तयार होत होते, त्या घरात तीन महिने कोणाच्या डोक्यात दात आला नाही. पडदा आला, पायपुसणं आलं, दात नाही.

“पन्नास वर्षं मी लोकांच्या तोंडात बघितलं,” बाबा म्हणाले.

“आपण कोणाच्या तोंडात कधी बघितलंच नाही, बाबा. आपल्याकडे साचे येतात. ते दुखत नाहीत.”

हे तिने समजूत काढायला म्हटलं होतं, पण म्हटल्यावर तिलाच रडू आलं. मग दोघांनीही आळीपाळीने रडून घेतलं आणि ताईने फोन उचलला.

दोन गल्ल्या पलीकडे ज्या दंतवैद्य बाई होत्या, त्यांचं बरंचसं काम ताईच्याच दुकानातून व्हायचं. तयार कवळ्यांचा डबा घेऊन ताई दर शनिवारी जायची आणि साहेब सोबत असायचे. पण बाहेरच्या खोलीपर्यंतच. आतल्या दाराकडे ते पाठ करून उभे राहायचे. डॉक्टरबाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं, चाव्याची पट्टी सोबत आणायला सांगितली आणि म्हणाल्या की दीड वाजता या, तोवर शेवटचा रोगी गेलेला असेल, मदतनीस मुलीलाही घरी पाठवते.

दीड वाजता दवाखान्यात एकही यंत्र चालू नव्हतं. पंखा बंद, वरचा मोठा दिवा बंद, खिडकीतून येईल तेवढाच उजेड. डॉक्टरबाईंनी पांढरा कोटही काढून ठेवला होता. त्या खुर्चीपाशी न थांबता दारातच एका बुटक्या स्टुलावर बसल्या, छोटा आरसा हातात घेतला आणि काही न बोलता स्वतःच्या तोंडात घालून स्वतःच्या दाढा बघायला लागल्या. मग आरसा धुऊन ताईला दिला. ताईनेही आपल्या दाढा बघितल्या. मग तो धुऊन स्टुलावर ठेवला आणि दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या.

साहेबांनी आरसा उचलला. फिरवून पाहिला. मग ते पुढे आले, डॉक्टरबाईंसमोर उभे राहिले आणि आरसा त्यांच्या तोंडाशी धरला. डॉक्टरबाईंनी आज्ञाधारकपणे आ केला. साहेबांनी वरची रांग तपासली, खालची तपासली आणि डावीकडच्या एका बसवलेल्या दातापाशी थांबून नाक मुरडलं. तो दात ताईच्या दुकानातला नव्हता. रंगाची छटा किंचित चुकलेली होती.

“चुकलाय, मान्य आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आता माझी पाळी, साहेब.”

आणि साहेबांनी तोंड उघडलं. सहा सेकंद. डॉक्टरबाईंना तेवढे पुरले. उजवीकडे खालच्या शेवटच्या दाढेपाशी हिरडी टम्म सुजली होती आणि तिच्यावर पांढरं तोंड धरलेला फोड होता. दाढ वरून चकचकीत, मुळाशी पू. त्यांनी ताईला नीट समजावून सांगितलं: आज दुखण्याची आणि पू कमी करण्याची औषधं चालू करायची, आणि बुधवारी हॉस्पिटलमध्ये भूल देऊन दाढ काढायची. मनाच्या डॉक्टरांना फोन करून, कोणती गोळी कशाबरोबर चालेल ते त्या स्वतः ठरवणार होत्या. असा रोगी त्यांच्याकडे पहिला नव्हता. त्यांनी पाहिलेल्यांत कोणाचा कान फुटलेला असायचा, कोणाचं पोट महिनोन् महिने साफ नसायचं, आणि सगळीकडे इलाज मात्र रागावर चाललेला असायचा.

“हे दुखणं साधं नाही, ताई. तुमच्या-माझ्यासारखा माणूस एका दिवसात दवाखाना डोक्यावर घेईल. आपल्याला बोलता येतं, म्हणून आपण ओरडलो की लोक विचारतात काय झालं. याला बोलता येत नाही, म्हणून हा ओरडला की लोक म्हणतात, असं वागू नकोस.”

ताईने विचारलं, दाढ काढली की चावणं थांबेल ना? डॉक्टरबाईंनी शब्द दिला नाही. बहुतेक थांबेल, म्हणाल्या. पण तीन महिन्यांची सवय लागलेली असते, आणि दुखण्याची भीती दुखण्यानंतरही राहते. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, हे ताईला त्या वेळी मुळीच आवडलं नाही.

औषधाचा पहिला डोस दोन वाजता दिला. साडेतीनच्या सुमाराला ताई मेण कोरत होती आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. बाबांनी डोळे उघडले. ताईनेही हातातलं हत्यार खाली ठेवलं. ट्रेच्या मेजाकडून तो सूर येत होता, एकसारखा, नाकातून, न थांबता. तीन महिने हा सूर घरात नव्हता आणि तो नाही हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. बाबांनी तिच्याकडे बोट दाखवून ‘हलू नकोस’ अशी खूण केली, आणि दोघं तशीच बसून राहिली. साहेब दात लावत होते.

आता उरला सोमवार. रविवारी सकाळी ताईने संस्थेच्या बाईंना फोन लावला. गाडी आठ दिवस पुढे ढकलता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. बाई चांगल्या होत्या, त्यांनी मनापासून ऐकलं, पण खाट थांबवता येणार नव्हती. सोमवारी तुम्ही पाठवलं नाहीत तर ती यादीतल्या पुढच्या माणसाची, आणि तुम्ही पुन्हा यादीच्या शेवटी. तासाभरात कळवा, म्हणाल्या.

तासभर म्हणजे फार होतो. ताईने त्यात सगळं उलटसुलट करून पाहिलं. बाबा अठ्ठ्याहत्तरचे. केंद्राने हात जोडलेले. तिचा हात अजून ठणकत होता. चावणं थांबलं नाही तर पुढची दोन वर्षं ती एकटी, आणि त्या दोन वर्षांत बाबांना काही झालं तर संपलंच. बाबांनीही तेच विचारलं, हळूच, साहेब वर आंघोळीला गेल्यावर. दाढ काढल्यावरही चावत राहिला तर काय करशील?

“तर परत बघेन कुठे दुखतंय ते,” ताई म्हणाली. “तिकडे बारा जणांत कोण बघणार, बाबा? पट्टी बघता येणारं तिथे कोण आहे?”

बाबांनी मान हलवली आणि फोन तिच्याकडे सरकवला. खाट नको असं कळवून फोन ठेवल्यावर तिची पाचावर धारण बसली होती, हे खरंच. पण सोमवारी दहा वाजले, गल्लीतून एक गाडी गेली, न थांबता गेली, आणि तिच्या छातीवरचं ओझं इतकं एकदम उतरलं की ती पायरीवरच बसली.

बुधवारचं काम फार नीट झालं. डॉक्टरबाईंनी आदल्या दिवशीच खोली, खाट, भूल देणारे डॉक्टर या सगळ्यांचे फोटो पाठवले होते. ताईने ते क्रमाने एका पट्टीवर चिकटवले आणि साहेबांनी ती पट्टी तीसेक वेळा पाहून पाठ केली. हॉस्पिटलात फोटोतली खाट बदलून दुसरी आणली तेव्हा तेवढा एक पेच पडला, पण वॉर्डातल्या नर्सने हसत हसत पहिली परत आणली. शुद्धीवर आल्यावर साहेबांनी हाताला बांधलेला प्लास्टिकचा पट्टा ओढून काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि चादर ठीक करून झोपले. दाढ डॉक्टरबाईंनी एका डबीत घालून बाबांना दिली. मुळापाशी ती पार काळी पडली होती. बाबांनी ती एकदाच पाहिली.

पहिल्या आठवड्यात साहेब दोनदा चावले, दुसऱ्यात एकदा, तेही अर्धवट, धरून सोडून दिल्यासारखं. तिसऱ्या आठवड्यात एकदाही नाही. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केल्या. टोस्टच्या कडा पुन्हा पोटात जायला लागल्या, सफरचंदही जायला लागलं, आणि केंद्राच्या मुख्य बाई स्वतः येऊन, दुकानात अर्धा तास बसून, सोमवारपासून पाठवा म्हणाल्या. ताईचा जीव भांड्यात पडला. ती त्या दिवशी भर दुपारी तीन तास झोपली, आणि उठल्यावर कोणता वार आहे हे तिला बाबांना विचारावं लागलं.

ताई साहेबांना टाके दाखवायला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरबाईंनी एक साधी गोष्ट विचारली होती: साहेबांना काही हवं असलं तर ते कसं सांगतात? ताईने कौतुकाने कार्डांचा जुडगा काढला. साहेबांच्या कमरेला कडीत अडकवलेली कार्डं, आधी आईने आणि मग तिने, गेल्या वीस वर्षांत केलेली. पाणी, टोस्ट, बाहेर, झोप, दिवा बंद, नको, पुरे. एकूण एकेचाळीस. डॉक्टरबाईंनी सगळी पाहिली आणि विचारलं, यात ‘दुखतं’ कुठे आहे?

ते नव्हतं. ताईने दोनदा शोधलं. एकेचाळीस कार्डं होती आणि सगळी, साहेबांनी घरच्यांकडे काय मागावं, याची होती. साहेबांना काय होतंय, हे सांगणारं एकही नव्हतं. मागायला शिकवलं होतं, सांगायला शिकवलं नव्हतं. ज्या माणसाला कप चुकला की परत पाठवता येत होता, त्याला दाढ दुखतेय हे सांगायला स्वतःच्या हाताखेरीज काही ठेवलंच नव्हतं. तीन महिने तो सांगत होता. घराने त्याला राग म्हटलं, केंद्राने धोका म्हटलं.

बेचाळिसावं कार्ड त्याच दिवशी तयार झालं. त्यावर चित्र कसलं काढायचं हा मोठा प्रश्न होता, कारण मलमपट्टी काढली तर साहेब मलमपट्टी मागणार. शेवटी नुसतं लाल कार्ड ठेवलं. शिकवायची रीत डॉक्टरबाईंनी ओळखीच्या शिक्षिकेला विचारून सांगितली: आधी तुम्ही वापरा. ताईच्या बोटाला कोरणी लागली की ती लाल कार्ड बोटावर ठेवून ‘दुखतं’ म्हणायची. बाबांची तर चंगळच झाली. गुडघा, दुसरा गुडघा, कंबर, खांदा, मान. दिवसभर कार्ड त्यांच्या अंगावरून फिरत असायचं आणि ‘दुखतं’ असा गजर चालू असायचा. एवढं ऐकून घेणारं माणूस त्यांना आईनंतर मिळालं नव्हतं. साहेब सगळं बघत होते, म्हणजे बघत नाही असं दाखवत बघत होते. कार्डाला त्यांनी हात लावला नाही. सहा आठवडे नाही.

सातव्या आठवड्यात, मंगळवारी, ताई एका कवळीचे पुढचे दात बसवत होती. मेण अजून मऊ होतं. तिच्या कोपरापाशी लाल कार्ड येऊन पडलं. तिने वर पाहिलं तर साहेब उभे होते, भिंतीकडे बघत. मग त्यांनी कार्ड उचललं, वाकले आणि डाव्या बुटावर ठेवलं.

ताई जमिनीवर बसली. तिने नाडी सोडली. बूट काढला, उलटा करून झटकला. प्लास्टरचा एक कण पडला, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. साहेबांनी पाय बुटात घातला, जमिनीवर दोनदा आपटून पाहिला, कार्ड कडीत अडकवलं आणि आपल्या कामाला गेले. झालं.

बाबांनी खुर्चीतून विचारलं, काय गं, काय झालं?

“साहेबांची तक्रार आली,” ताई म्हणाली. “बुटात खडा होता.”

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. दोघं हसायला लागली ती थांबेचनात. बाबांना ठसका लागला, ताईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते कशाचं आहे हे तिने बघितलं नाही. एकोणतीस वर्षांत किती खडे आले असतील, हेही तिच्या मनात आलं. ते तिने तिथेच थांबवलं, कारण आजचा निघाला होता.

बांध फुटला तो फुटलाच. संध्याकाळपर्यंत आणखी दोन तक्रारी आल्या. पहिली सदऱ्याच्या मागे, मानेला टोचणाऱ्या कंपनीच्या चिठ्ठीची. ती ताईने कात्रीने कापून टाकली. दुसऱ्या तक्रारीसाठी साहेब बाबांच्या खुर्चीपाशी गेले. त्यांनी लाल कार्ड स्वतःच्या कानावर ठेवलं आणि मोकळ्या हाताने फळीवरच्या रेडिओकडे दाखवलं. दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत चालणारा, बाबांचा जीव की प्राण असलेला रेडिओ.

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले, फळीपाशी गेले आणि त्यांनी तो बंद केला. “माफ करा हं साहेब,” ते म्हणाले. “पूर्वीच सांगायचंत की.” आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन ते तसेच, रेडिओवर हात ठेवून, उभे राहिले.